त्या शेळीचं पुढे काय झालं?

भाऊजी निवृत्त झाले आणि त्यांची झोप उडाली. लोक निवृत्तीची वाट बघतात ती मुख्यतः मनसोक्त झोपता यावं म्हणून, पण भाऊजींचं सगळं उलटंच. पाणीपुरवठा खात्यात त्यांची हयात गेली, आणि त्या हयातीत बैठकांमधून त्यांनी जी झोप काढली तिला तोड नव्हती. ताठ बसायचं, मान जराशी पुढे, हातात पेन, चेहऱ्यावर गहन विचार. साहेबांना वाटायचं, अख्ख्या खात्यात हा एकच माणूस मन लावून ऐकतोय. बैठका संपल्या आणि घरच्या गादीवर, मऊ उशीवर, पंख्याखाली या माणसाच्या डोळ्याला डोळा लागेना.

घरात उपाय सुरू झाले. कोमट दूध झालं, तळपायांना तेल चोळून झालं, शंभरापासून उलटे आकडे मोजून झाले. डॉक्टरांनी गोळी दिली, तर भाऊजी दुसऱ्या दिवशी दुपारभर पेंगले आणि रात्री पुन्हा टक्क जागे. झोप न लागलेला माणूस स्वस्थ पडेल तर शपथ! तो कूस बदलणार, उसासे टाकणार, उठून पाणी पिणार, खात्याच्या सवयीनं नळ घट्ट बंद आहे का बघणार, आणि परत येऊन बायकोला हलवून विचारणार, "झोपलीस का गं?"

"अहो, तुम्ही नका झोपू, पण मला तरी झोपू द्या," बायको रडकुंडीला येऊन म्हणायची. तिचेही डोळे आत गेले होते.

अशात एका रविवारी मेहुणीचा फोन आला. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. ती एक छोटंसं चित्रगृह चालवायची. तिथे मारामारीचे आणि नाचगाण्यांचे चित्रपट लागत नसत. तिथे लागत ते दुसरीकडे कुठेच न लागणारे. महिन्यातून दोनदा खास खेळ, त्यानंतर दिग्दर्शकाशी खुली चर्चा, आणि दोन्हीला तीच ती मंडळी. "ताई, आज खुर्च्या फार रिकाम्या दिसतायत गं," मेहुणी म्हणाली. "तू आणि भाऊजी या ना. काही करायचं नाही, नुसतं बसायचंय."

नुसतं बसायचंय म्हटल्यावर भाऊजी निघाले. चित्रपटात एक कोळी फाटलेलं जाळं शिवत होता. पहिला टाका त्यानं घातला, दोरा दातानं तोडला, आणि दुसरा टाका घालेपर्यंत भाऊजी गाढ झोपले. अंधार, गारवा, समोर संथपणे काहीतरी चाललेलं आणि त्यातलं आपल्याला काहीच विचारलं जाणार नाही ही खात्री! खात्यातली बैठक याहून वेगळी काय असते? टाळ्या वाजल्या तेव्हा ते जागे झाले. किती महिन्यांनी अंग हलकं वाटत होतं. डोळ्यांतून पाणी आलं. मेहुणी समोरच उभी होती.

"भाऊजी! तुम्हाला इतका भिडला?"

"फार," भाऊजी अगदी मनापासून म्हणाले. "असं मला निवृत्तीनंतर पहिल्यांदाच झालं बघ."

त्यानंतर त्यांनी एकही खास खेळ चुकवला नाही. शेवटची रांग, भिंतीकडची खुर्ची. बायको घरी निर्धास्त झोपायची, भाऊजी चित्रगृहात, आणि संसार पुन्हा रुळावर आला. महिन्यातून दोनदा अशी भरपेट झोप झाली की मधले दिवसही कसेबसे निघत. पुढे एकदा बायकोनंच बहिणीला खरं काय ते सांगून टाकलं. मेहुणी चिडली नाही. ती व्यवहारी बाई होती, आणि तिची स्वतःची एक अडचण होती.

अडचण होती पहिल्या प्रश्नाची. चित्रपट संपतो, दिवे लागतात, दिग्दर्शक खुर्चीवर येऊन बसतो, आणि मेहुणी हसतमुखानं विचारते, "तर मग, कोणाला काही प्रश्न?" त्यावर जी शांतता पसरते! आजारी आत्याला आपल्या घरी कोण घेऊन जाणार असं विचारल्यावर भावंडांत पसरते, तशी. जो तो बुटांकडे बघतो. पहिला प्रश्न विचारायला कोणी धजत नाही, कारण तो मूर्खपणाचा ठरला तर? आणि एकदा का तो कोणीतरी विचारला, की मग कोणी कोणाला आवरत नाही. दिग्दर्शकाला घरी जाऊ देत नाहीत.

"पहिला प्रश्न तुम्ही विचारायचा," मेहुणीनं भाऊजींना सांगितलं. "काय विचारायचं ते मी आधी चहाच्या टेबलापाशी तुमच्या कानात सांगीन. विचारलंत की तुम्ही सुटलात. मग खुशाल झोपा."

"आणि त्यानं मला उलट काही विचारलं तर?"

"दिग्दर्शक उलट विचारत नसतात हो. त्यांना बोलायचं असतं."

झालं! भाऊजी प्रश्न पाठ करत, झोपत, टाळ्यांनी उठत. उठल्यावर पूर्ण जागं व्हायला थोडा अवधी लागे, म्हणून सावकाश उभे राहत, चष्मा काढून पुसत, वर छताकडे बघत प्रश्न आठवत आणि म्हणत, "माझी एक साधी शंका आहे." लोकांना वाटे, काय माणूस आहे! इतका अभ्यास आणि म्हणतो साधी शंका. हळूहळू त्यांचा दबदबा वाढला. मेहुणी त्यांना भाऊजी म्हणते म्हणून सगळेच भाऊजी म्हणू लागले. एका वर्तमानपत्रात दर आठवड्याला चित्रपटांवर लिहिणारे समीक्षकसुद्धा, जे सहसा कोणाकडे बघून मान हलवत नसत, ते भाऊजींकडे बघून हलवू लागले.

मग तो दिवस आला. त्या दिवशीच्या चित्रपटात एका म्हातारीची शेळी हरवते आणि म्हातारी चित्रपटभर तिला शोधत हिंडते. शेळी सापडते की नाही ते कळत नाही. मेहुणीनं चहा ओतता ओतता प्रश्न सांगितला, "त्या शेळीचं पुढे काय झालं?" छोटा होता. भाऊजींनी लगेच पाठ केला, आपल्या खुर्चीवर जाऊन टेकले आणि दिवे मालवायच्या आतच झोपले. आताशा त्यांना अंधाराचीही गरज उरली नव्हती.

इकडे वर ऑपरेटर घाम पुसत होता. हल्ली चित्रपट डब्यातून येत नाही, संगणकातून येतो, आणि त्याला कुलूप असतं. त्याचा परवलीचा शब्द कंपनी वेगळा पाठवते. कंपनीनं तो पाठवलाच नव्हता, आणि सुट्टीचा दिवस असल्यानं कंपनीत फोन घ्यायला काळं कुत्रं नव्हतं. मेहुणीच्या तोंडचं पाणी पळालं. पण चित्रगृहामागच्या गल्लीतच एक तरुण दिग्दर्शक राहत असे. "एकदा तरी लावा हो माझा चित्रपट" म्हणून तो महिनोन्महिने तिच्या मागे लागला होता. चित्रपट तो खिशात घेऊनच फिरायचा. फोन ठेवायच्या आत तो हजर झाला. मेहुणीनं पुढे येऊन जाहीर केलं, ठरलेल्या चित्रपटाऐवजी आज हा नवा चित्रपट, आणि नशीब आपलं थोर म्हणून दिग्दर्शक स्वतः हजर आहेत. सगळ्यांनी ऐकलं. शेवटच्या रांगेत एक माणूस तेवढा ऐकत नव्हता, आणि गडबडीत मेहुणीला त्याची आठवणच राहिली नाही.

या नव्या चित्रपटात नवव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये एक माणूस फोनची वाट बघतो. येरझाऱ्या घालतो, पाणी पितो, खिडकीशी उभा राहतो. फोन येत नाही. चित्रपट संपतो.

टाळ्या झाल्या, दिवे लागले, दिग्दर्शक खुर्चीवर बसला. "तर मग, कोणाला काही प्रश्न?" मेहुणी म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला आठवलं. शेवटच्या रांगेत भाऊजी उभे राहून चष्मा पुसत होते. तिनं दोन्ही हात हलवून त्यांना बसायची खूण केली. भाऊजींना वाटलं, घाई करा म्हणतेय.

"माझी एक साधी शंका आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "त्या शेळीचं पुढे काय झालं?"

शेळी? प्रत्येकजण मनातल्या मनात चित्रपट मागेपुढे करू लागला. एक बाई मध्येच पर्समध्ये गोळी शोधत होत्या, तेवढ्यात आली असेल. एकजण मोबाइल बघत होता. काहीजणांना मधल्या काही भागाचं नीटसं आठवत नव्हतं, का ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण विचारतंय कोण? भाऊजी! म्हणजे शेळी असणारच, आपलीच चुकली.

राहता राहिला दिग्दर्शक. त्यानं तरी म्हणायचं होतं, "कसली शेळी?" पण त्या बिचाऱ्यानं तो चित्रपट इतक्यांदा कापला आणि जोडला होता की त्यात काय राहिलं आणि काय गेलं याची त्यालाच खात्री उरली नव्हती. शिवाय इतकी माणसं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्यानं डोळे मिटले, उघडले आणि तो म्हणाला, "मला फार बरं वाटलं. कोणालातरी ती शेळी दिसली."

मग काय विचारता! हातांचं जंगल वर झालं.

"माझ्या मते ती शेळी म्हणजेच त्याची बायको आहे," गोळी शोधणाऱ्या बाई म्हणाल्या.

"मला दोनदा दिसली," मोबाइलवाला म्हणाला. "दुसऱ्यांदा तिची फक्त चाहूल आहे."

"पण ती नवव्या मजल्यावर आहे, हे महत्त्वाचं नाही का?" समीक्षक म्हणाले. "खाली असती तर ती नुसती शेळी राहिली असती."

"अगदी बरोबर," दिग्दर्शक म्हणाला. "मला तेच म्हणायचंय."

सगळे पांगल्यावर मेहुणीनं भाऊजींना दंडाला धरून चहाच्या टेबलामागे ओढलं. "अहो, शेळी कुठून आणलीत?"

"कुठून म्हणजे? तूच दिलीस की!"

"ती दुसऱ्या चित्रपटातली होती!"

"मग हा कोणता होता?"

मेहुणीनं कपाळावर हात मारला आणि झाला प्रकार सांगितला. भाऊजींचा चेहरा खर्रकन उतरला. "मी आत्ताच जाऊन त्या पोराला सांगतो," ते म्हणाले. "खबरदार!" मेहुणी म्हणाली. "माझ्या चित्रगृहातला सगळ्यांत जाणता प्रेक्षक झोपलेला असतो, हे बाहेर गेलं तर उद्यापासून इथे कुत्रं फिरकणार नाही. मूग गिळून गप्प बसा. दोन दिवसांत विसरतील लोक."

लोक विसरले असते, पण समीक्षक विसरले नाहीत. त्यांचा लेख आला. मथळा होता, 'नवव्या मजल्यावरची शेळी'. सामान्य प्रेक्षकाच्या नजरेतून ही शेळी निसटेल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. आता आपण सामान्य आहोत असं कोणाला वाटतं? दुसऱ्या खेळाला रांग लागली. मेहुणीला शेजारच्या शाळेतून बाकं आणावी लागली. बायकोनं लेख वाचून वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि नवऱ्याकडे बघून ती म्हणाली, "लोक उंटावरून शेळ्या हाकतात. तुम्ही झोपेतून हाकलीत."

बघता बघता प्रेक्षकांत दोन तट पडले. एकांना शेळी दिसायची. कोणाला पडद्याच्या सावलीत, कोणाला स्वयंपाकघराच्या काचेत, आणि एका गृहस्थांना तर तिचा वाससुद्धा आला. दुसऱ्यांना काही केल्या दिसायची नाही. त्यांनी म्हणायला सुरुवात केली की शेळीचा भाग काढून टाकलाय, पहिल्या खेळाला पूर्ण चित्रपट दाखवला आणि आम्हाला कापलेला दाखवताय. तिकिटाच्या खिडकीशी हमरीतुमरी झाली. "शेळी दाखवा, नाहीतर शेळी दाखवत नाही असं बाहेर लिहा," असा त्यांचा हेका होता. मेहुणी वरवर हसत होती आणि आत जाऊन डोकं धरून बसत होती.

त्यात प्राणिमित्र मंडळाच्या बाई आल्या. त्या तशा सज्जन, पण एकदा मागे लागल्या की लागल्या. त्यांनी दिग्दर्शकाला गाठलं.

"शेळीला नवव्या मजल्यावर नेलं कसं? लिफ्टनं?"

"हो, लिफ्टनं."

"लिफ्टमध्ये शेळी घाबरून अर्धमेली होते, ठाऊक आहे?"

"नाही नाही, जिन्यानं. जिन्यानं नेली होती."

"नऊ मजले?" बाईंनी छातीवर हात ठेवला. "आणि नंतर? त्या शेळीचं पुढे काय झालं?"

हा प्रश्न आला की दिग्दर्शकाला दरदरून घाम फुटायचा. कारण आता ती शेळी जिवंत आहे हे सिद्ध करणं त्याला भाग होतं, आणि जी मुळात नव्हतीच ती जिवंत तरी कुठून असणार? पण पोरगा हिकमती. शहराबाहेरच्या एका गवळ्याकडून त्यानं एक गरीब स्वभावाची पांढरी शेळी मिळवली आणि चित्रगृहाच्या दारावर फलक लागला : खास खेळ आणि खुली चर्चा, शेळीच्या उपस्थितीत.

या सगळ्यात भाऊजींची काय दशा झाली म्हणून सांगावं! त्यांची झोप गेली ती गेलीच. घरी लागत नव्हती, आणि चित्रगृहात आता कोणी लागू देत नव्हतं. शेवटच्या रांगेतली खुर्ची काढून घेऊन मेहुणीनं त्यांना सन्मानानं पुढच्या रांगेत बसवलं. चित्रपट सुरू झाला की आजूबाजूचे लोक पडदा सोडून भाऊजींच्याच तोंडाकडे बघायचे. भाऊजींची भुवई हलली की शेळी आली, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यांनी नाक खाजवलं की चार रांगांत कुजबूज व्हायची, "आली, आली!" अशा माणसानं डोळे मिटायचे कसे? ते आपले डोळे ताणून बसायचे. अशा रीतीनं भाऊजींनी तो चित्रपट सहा वेळा पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळ्याला डोळा न लावता. जगात तो इतका नीट पाहिलेला दुसरा माणूस नसेल.

आणि गंमत म्हणजे, तो त्यांना आवडायला लागला. तो नवव्या मजल्यावरचा माणूस येरझाऱ्या घालायचा, उसासे टाकायचा, पाणी प्यायचा. हे सगळं भाऊजींच्या ओळखीचं होतं. बिचाऱ्याची झोप उडालीय आणि त्याचं कोणाला काही पडलेलं नाही, सगळे शेळी शोधतायत, असं वाटून त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

"मला आता सहन होत नाही," खास खेळाच्या आदल्या संध्याकाळी ते बायकोला म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "अशानं मी आडवा होईन एक दिवस."

"मग सांगून टाका ना एकदाचं," बायको म्हणाली. "खरं बोललं की झोप लागते म्हणतात."

"आणि तुझी बहीण?"

"तिला मी बघून घेईन. लहानपणापासून बघतेच आहे."

खास खेळाला उभं राहायला जागा नव्हती. व्यासपीठावर दिग्दर्शक, मेहुणी आणि प्राणिमित्र बाई यांच्या तीन खुर्च्या आणि एक शेळी. शेळी तेवढी शहाण्यासारखी वागत होती. तिला बघून, ज्यांना चित्रपटात शेळी दिसायची त्यांच्यात आपापसांतच जुंपली. कोणी म्हणे पडद्यावर तर ती तपकिरी होती, कोणी म्हणे काळी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. "कॅमेऱ्यात रंग बदलतो," दिग्दर्शकानं मिटवलं. प्राणिमित्र बाईंनी शेळीचे खूर तपासले आणि नऊ मजल्यांचा त्रास अजून जाणवतो म्हणाल्या. मेहुणीनं भाऊजींच्या कानात प्रश्न सांगितला, "आज शेळी समोर बघून आपल्याला काय वाटतं?" आणि ध्वनिक्षेपक त्यांच्या हातात दिला. चित्रपट नुकताच संपला होता. पुढच्या रांगेत भाऊजींच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला समीक्षक.

भाऊजी उभे राहिले. या वेळी चष्मा पुसायची गरज नव्हती.

"माझी एक साधी शंका आहे," ते म्हणाले. लोक पुढे सरसावले. "हा माणूस दोन तास फोनची वाट बघतो. त्या फोनपायी त्याची झोप उडालीय. मग तो स्वतःच एक फोन का करत नाही? एक फोन केला की सुटेल तो! झोपेल तरी बिचारा!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोणालाच काही उमजेना. मागून कोणीतरी खुसकन हसलं.

"आणि शेळी?" दिग्दर्शकानं विचारलं.

"शेळी नाही," भाऊजी म्हणाले. "या चित्रपटात शेळी नाहीच. कधीच नव्हती. पहिल्या दिवशी मला झोप लागली होती हो. मी दुसऱ्याच चित्रपटाचा प्रश्न विचारला. चूक माझी आहे. सगळ्यांची माफी मागतो."

बोलले आणि वाट बघत उभे राहिले, आता काय व्हायचं ते होऊ दे म्हणून. मेहुणीनं डोळे घट्ट मिटून घेतले होते. पण तिला वाटत होतं तसं आभाळ कोसळलं नाही. लोक हसायला लागले. आधी दोघेचौघे, मग सगळेच.

"अहो, शेळी समोर उभी आहे!" मोबाइलवाला म्हणाला.

"तिच्या तोंडावर असं म्हणताय?" प्राणिमित्र बाई म्हणाल्या. "काय वाटेल तिला!"

"मी तिला दोन वर्षं सांभाळलीय," दिग्दर्शक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. आपण काय बोलतोय ते त्याला आता पटलेलं होतं.

समीक्षकांनी भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तशा सुरात विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. आज चित्रपट चालू असताना तुम्हाला झोप लागली होती ना?"

"नाही हो! आज तर मी जागा होतो," भाऊजी कळवळून म्हणाले. "तेव्हा झोपलो होतो, आज जागा आहे!"

यावर तर लोकांनी खुर्च्यांचे हात बडवले. वयोमानानुसार व्हायचंच, असं कोणीतरी म्हणालं. मेहुणीनं एक डोळा उघडला, परिस्थिती पाहिली, दुसराही उघडला, आणि हलक्या हातानं भाऊजींकडचा ध्वनिक्षेपक काढून घेऊन मागच्या रांगेतल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे दिला. ते गृहस्थ कित्येक दिवसांपासून हात वर करून बसले होते. त्यांनी शेळीच्या गप्प राहण्याविषयी प्रश्न विचारला. "वा!" समीक्षक म्हणाले, आणि खुर्ची वळवून डॉक्टरांकडे बघत बसले.

दिग्दर्शक उत्तर देऊ लागला. पहिल्यांदा त्यानं शेळीचं बालपण घेतलं. मग एकाकीपण घेतलं. मग म्हणाला, यावर थोडं विस्तारानं बोलायला हवं. शेळीनं पाय दुमडले आणि ती खाली बसली. भाऊजीही केव्हाच खाली बसले होते. त्यांच्याकडे आता कोणी बघत नव्हतं. ते हसले किंवा त्यांनी भुवई उचलली, तरी आता कोणाचं काही अडत नव्हतं.

"झालं ना सांगून?" बायको हळूच म्हणाली. "हलकं वाटतंय का?"

तिनं वळून पाहिलं, तर नवऱ्याचं डोकं तिच्या खांद्यावर आलं होतं. चष्मा नाकावरून घसरला होता, तोंड उघडं पडलं होतं, आणि बारीक घोरण्याचा आवाज येत होता. तिनं चष्मा काढून आपल्या पर्समध्ये ठेवला आणि अवघडला तरी खांदा हलवला नाही.

घोरणं ऐकून समीक्षकांनी मान वळवली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मागच्या रांगेला खुणावलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणाले, "बघा! मी म्हटलं नव्हतं? हा माणूस झोपतो!"

बायकोनं त्यांच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला ना जरा," ती म्हणाली. "आत्ता कुठे लागलीय."